जात्यावरील ओवीतील निसर्गस्मृती आणि दुःखमुक्तीचा प्रश्न : विशेष संदर्भ बीड जिल्हा

प्रस्तावना

मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासात जात्यावरील ओवीला मानाचे स्थान आहे. साने गुरुजींचे 'स्त्री जीवन', दुर्गा भागवतांची 'लोकसाहित्याची रूपरेषा', सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून केलेले संकलनाचे काम आणि तारा भवाळकर यांचे स्त्रीकेंद्री विवेचन अशा टप्प्यांतून हा अभ्यास पुढे सरकत आला. या साऱ्या लेखनात एक विधान निरनिराळ्या शब्दांत वारंवार भेटते, ते म्हणजे ओवी गाऊन स्त्रीचे दुःख हलके होते. विधान खोटे नाही. परंतु ते फार लवकर थांबते. दुःख हलके होते म्हणजे नेमके काय होते, कशाच्या आधाराने होते आणि सर्व स्त्रियांच्या बाबतीत ते सारखेच घडते काय, हे प्रश्न त्यामुळे मागे राहून जातात. प्रस्तुत लेखात बीड जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नांचा विचार केला असून ओवीतील निसर्गाच्या आठवणी हा त्या विचाराचा मुख्य धागा आहे. ओव्यांचे पाठ गावागणिक आणि गाणारणीगणिक बदलतात. म्हणून येथे एखाद्या पाठावर विसंबण्याऐवजी वारंवार येणाऱ्या आशयसूत्रांचा आधार घेतला आहे.

गंगथडी आणि डोंगरपट्टी

बीड जिल्ह्याची भूरचना बालाघाटच्या डोंगररांगेने ठरवली आहे. उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते आणि तिच्या काठचा गेवराई, माजलगाव, परळी तालुक्यांचा पट्टा काळ्या जमिनीचा आहे. लोक गोदावरीला गंगा म्हणतात आणि या पट्ट्याला गंगथडी. याउलट मांजरा जेथे उगम पावते तो पाटोदा तालुका, शेजारचे आष्टी आणि शिरूर कासार येथील बराचसा भाग डोंगराळ, हलक्या जमिनीचा आणि पावसाची वाट पाहणारा आहे. एकाच जिल्ह्यात दोन निसर्ग नांदतात, आणि सोयरिकी या दोहोंमध्ये होत राहतात.

गंगथडीची लेक डोंगरपट्टीत दिली की तिला पहिला फरक जाणवतो तो पाण्याचा. आडात पोहरा किती खोल जातो, पाण्याला किती खेपा घालाव्या लागतात, उन्हाळ्यात कोणत्या ओढ्यात झिरा धरावा लागतो, या गोष्टींतून तिला सासर कळत जाते. माहेरचा निसर्ग या अनुभवाच्या उजेडात आठवला जातो. त्यामुळे ओवीतील निसर्गाला 'निसर्गवर्णन' हे नाव देणे योग्य ठरत नाही. पाठ्यपुस्तकातील निसर्गकवितेत डोंगर, नदी, पाऊस ही पाहण्याची दृश्ये असतात आणि पाहणारा काठावर उभा असतो. ओवीतल्या बाईला असे काठावर उभे राहायला सवड मिळालेली नाही. तिचा पाऊस हा पेरणीचा पाऊस आहे, तिची नदी ही धुण्याची आणि पाण्याची नदी आहे, आणि तिचे झाड हे बांधावरचे झाड आहे. शिवाय या प्रत्येकाला नात्याचा मालक आहे. शेत असते ते भावाचे, विहीर असते ती बापाची, अंगणातली तुळस असते ती आईची. निसर्गाची आठवण काढताना स्त्री त्या नात्यांत पुन्हा उभी राहते. सासरी ती अमक्याची सून किंवा तमक्याची कारभारीण असते. त्या शेतात मात्र तिला तिच्या नावाने हाक मारलेली असते. ओवीतील निसर्गस्मृतीचे मोल या हाकेत आहे.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे, कारण ती संकलकांच्या हातून सहसा निसटते. जात्यावर बसलेली स्त्री एका हाताने खुंटा फिरवते आणि दुसऱ्या हाताने जात्याच्या तोंडात ज्वारीची किंवा बाजरीची मूठ वैरते. धान्य एकदम ओतून चालत नाही. मुठीतून बेताबेताने सोडावे लागते. तिफणीच्या चाड्यावर मूठ धरणारीही हेच करते. तिच्या मुठीतून बी चाड्यात पडते, नळ्यांतून खाली जाते आणि तासात रुजते. बियांची धार तुटू न देण्याचे हे कसब मुली लहानपणी बापाच्या किंवा भावाच्या शेतात शिकत. म्हणजे पहाटेच्या अंधारात दळायला बसलेल्या सासुरवाशिणीचा हात तीच हालचाल करीत असतो, जी त्याने माहेरच्या पेरणीत केली होती. ओवीत भावाची तिफण, मृगाचा पाऊस आणि पेरणी एवढ्या वेळा का येतात, याचे एक उत्तर या हातात शोधता येईल. आठवण आधी मनगटाला होते आणि शब्द नंतर येतात. दोन्हींत फरकही आहे, आणि तो लहान नाही : चाड्यातले बी उगवून येते, जात्यातल्या दाण्याचे पीठ होते. हा विरोध ओवीत कोणी उघड बोलून दाखवत नाही; मात्र माहेरच्या पेरणीविषयीच्या ओव्यांत जो हुरूप असतो आणि त्यांच्या पुढच्याच कडव्यात जो कढ येतो, त्यांच्यामधल्या अंतराचा उलगडा त्याने होतो.

बोरी-बाभळीचे समजावणे

निसर्ग आणि दुःख यांचा सर्वांत गाढ संबंध सीतेच्या वनवासावरील ओव्यांत दिसतो. मराठवाड्यासह महाराष्ट्रभर गायिल्या जाणाऱ्या या ओव्यांतील एक सूत्र प्रसिद्ध आहे : वनात एकटीच रडणाऱ्या सीतेचे रडणे बोरी आणि बाभळी ऐकतात, आणि त्या तिला समजावणाऱ्या बायका होतात. वाल्मीकीच्या काव्यात सीता लंकेच्या अशोकवनात शोक करते. ओवी रचणाऱ्या स्त्रीने अशोकवन बाजूला ठेवले आणि आपल्या बांधावरची काटेरी झाडे तेथे आणली. कमी पाण्यावर तगणारी, शेळ्यांनी ओरबाडलेली, कुंपणासाठी आणि जळणासाठी तोडली जाणारी ही झाडे आहेत. बालाघाटच्या उतारावर दुसरे काय आहे, असेही कोणी म्हणेल. (सीताफळ आहे, आणि बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले, पण नाव सीतेचे असूनही या सूत्रात मान मिळाला तो बोरी-बाभळीलाच.) ही निवड केवळ उपलब्धतेतून झालेली नाही. ज्यांना स्वतःला काटे आहेत आणि ज्यांच्यावर रोज कुऱ्हाड पडते त्यांनीच सीतेचे ऐकून घ्यावे, यात दुःखितांचे एक गोत कल्पिलेले आहे. राजवाडा, ऋषी, देव यांपैकी कोणीही येथे आधी धावून येत नाही.

तारा भवाळकर यांनी 'सीतायन'मध्ये लोकपरंपरेतील सीतेचा सविस्तर विचार केला आहे, आणि बायकांनी सीतेच्या नावाने आपलीच कहाणी सांगितली ही जाण मराठी समीक्षेत आता बरीच रुजली आहे. तिच्यात एक भर घालावीशी वाटते. मराठीत 'समजावणे' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. रडणाऱ्याला धीर देणे हा एक, आणि जे आहे ते मान्य करण्यास वळवणे हा दुसरा. नांदायला नकार देऊन परत आलेल्या मुलीलाही घरचे समजावतातच. बोरी-बाभळी सीतेला यांपैकी काय करतात? ओवी हे उघडपणे सांगत नाही, आणि तिचे सामर्थ्य या न सांगण्यात आहे. केवळ धीर असा अर्थ घेतला तर ओवी भावुक होते; केवळ वळवणे असा घेतला तर ती पुरुषसत्तेची दूती ठरते. गाणाऱ्या स्त्रीला दोन्ही अनुभव ठाऊक असतात, पुष्कळदा एकाच बाईकडून आलेले. निसर्ग येथे सुटकेची जागा आहे असे सरसकट म्हणणाऱ्या अभ्यासकाने या क्रियापदाशी जरा थांबायला हवे.

मग मुक्ती कोणती? बीड जिल्ह्यात हा शब्द वापरताना अंबाजोगाईची आठवण होणे अपरिहार्य आहे. परंपरेने शके १११० हा ज्याचा काळ मानला जातो त्या 'विवेकसिंधु'कर्त्या मुकुंदराजाची समाधी तेथे दाखवली जाते. मुकुंदराजाच्या मार्गात मुक्ती विवेकाने मिळते. देह, नाती, सुखदुःख यांचा भ्रम ओळखणे हा तो विवेक. त्याच डोंगरातल्या ओवीतली स्त्री उलट्या दिशेने जाते. नाती भ्रम आहेत असे तिला म्हणता येत नाही, कारण त्यांच्यावाचून तिला उभे राहायला जागा नाही. ती शेत, पाऊस, झाड आणि भाऊ यांना एकेक करून आठवते आणि तेवढ्या वेळापुरती मूकपणातून सुटते. तिचे दुःख उद्याच्या दळणाला पुन्हा हजर असते. सुटका होते ती दुःख कोणालाही न सांगता येण्याच्या अवस्थेतून. जात्याला देव म्हणून, क्वचित आई म्हणून संबोधणाऱ्या ओव्या या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. ज्याला सांगितले तर घरात कलह होणार नाही असा तो एकच श्रोता घरात असतो, आणि तोही डोंगरातूनच आलेला दगड आहे.

व्यक्तिगत कवितेशी तुलना केली की हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. इंदिरा संत यांनी उत्तरायुष्यात 'मालनगाथा'मध्ये ओव्यांचा आणि त्यांतल्या अनाम 'मालनी'चा आत्मीयतेने परिचय करून दिला. १९४६ मध्ये पतीच्या निधनानंतर बेळगावात राहून त्यांनी जी कविता लिहिली तिच्यात पाऊस, माती, संध्याकाळ यांच्या आठवणींना मोठे स्थान आहे. परंतु त्या कवितेतला निसर्ग एकटीचा आहे; त्याच्यासमोर बोलणारी स्त्री आपले बोलणे कोणी ऐकत असेल असे धरून चालत नाही. ओवीच्या समोर दुसऱ्या बाजूने खुंट्याला हात लावून बसलेली जाऊ, नणंद किंवा सासूही असू शकते. म्हणून ओवीतली तक्रार आडवळणाने, सीतेच्या नाहीतर बाभळीच्या तोंडून येते. या आडवळणाला कलात्मक संयम म्हणण्याचा मोह समीक्षकाला होतो. तो पुष्कळदा धाक असतो.

आठवण कोणाच्या शिवाराची?

वरील विवेचनात एक गृहीत दडलेले आहे : माहेरचा निसर्ग आपला म्हणता येईल असा होता. हे गृहीत सर्व स्त्रियांना लागू पडत नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी बर्नार्ड बेल यांच्यासह महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह उभा केला, आणि २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' या संस्थेने त्या क्रमाने प्रकाशात आणल्या. या कामात १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगर वस्तीतील स्त्रियांच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. पहिली ओवी, दुसरी ओवी असा देवादिकांना वाहिलेल्या ओव्यांचा जुना क्रम त्यांनी तसाच ठेवला आणि त्या क्रमातल्या जागा बुद्ध, धम्म, संघ, भीमराव आणि रमाई यांना दिल्या. छंद जुना, जाते जुने, पहाटही तीच. ओवी वाहिली जाते तो मात्र वेगळा.

या बदलाचा विचार करताना तो केवळ धर्मांतराचा परिणाम मानून पुढे जाणे अपुरे ठरेल. ज्या स्त्रीच्या आई-आजीला गावच्या विहिरीवर पोहरा टाकता येत नव्हता, जिने पाणी कोणीतरी वरून ओतण्याची वाट पाहिली, तिच्यासाठी 'माहेरची विहीर' ही आठवण सुखाची कशी असेल? भावाच्या नावावर शेतच नसेल तर भावाची तिफण कोठून येणार? गावगाड्यातील निसर्गाच्या वाटण्या जातीने झालेल्या होत्या आणि त्याच्या आठवणींच्या वाटण्याही तशाच झाल्या. महाडच्या तळ्याचा सत्याग्रह १९२७ मधला. पाण्याला हात लावणे हीच ज्यांच्यासाठी ऐतिहासिक घटना ठरली त्यांच्या ओवीत पाण्याकडे वळणारी वाट वेगळीच असणार. भीमनगरच्या ओव्यांत दुःखमुक्तीचा आधार शिवाराच्या आठवणीतून बाबासाहेबांच्या आठवणीकडे सरकला आहे. ओवीतला निसर्ग हा स्त्रीजीवनाचा सार्वत्रिक विसावा आहे, असे मानणाऱ्या मांडणीला या ओव्यांनी घातलेला हा छेद आहे, आणि विद्यापीठीय अभ्यासात त्याची दखल जितकी घेतली जायला हवी तितकी घेतली गेलेली नाही.

माजलगावचेच आणखी एक उदाहरण पाहता येईल. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात सिंदफणा नदीवर माजलगाव धरण झाले. धरणाने खालच्या भागाला पाणी दिले. वरच्या भागातल्या काही गावांची जमीन पाण्याखाली गेली. ज्या लेकींचे माहेर त्या गावांत होते त्यांच्या ओवीतला बांध, ओढा आणि आंबा आता दाखवता येत नाही. माहेर नव्या जागी वसले, घरे पुन्हा झाली, पण ओवी बोलत होती ते झाड वसवता आले नाही. एरवी 'स्मृती' हा शब्द समीक्षेत सैल वापरला जातो. येथे तो अक्षरशः खरा आहे, कारण आठवणीखेरीज ते शिवार आज कोठेही नाही.

कोयत्याची पहाट

ओवीची वेळ पहाटेची. आजच्या बीड जिल्ह्यातील लाखो स्त्री-पुरुषांची पहाट वर्षातले निम्मे महिने उसाच्या फडात उजाडते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या परिसरात कोप्या पडतात, आणि उन्हाळा लागता माणसे परततात. मुकादमाकडून उचल घेताना नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' म्हणतात. या एका शब्दात स्त्रीचे नाव, तिची वेगळी मजुरी आणि तिचे वेगळे दुःख सगळेच बुडून जाते. जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न चव्हाट्यावर आल्यावर २०१९ मध्ये राज्य शासनाला समिती नेमावी लागली. ते दुःख देहात होते आणि बराच काळ ते सांगण्याची जागा नव्हती.

कोपीत जाते नसते. पीठ गिरणीतून येते, आणि स्वयंपाक उरकून अंधारातच फड गाठायचा असतो. साहित्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की ओवी ज्या वेळी आणि ज्या कामातून जन्मली ती वेळ दुसऱ्या कामाने घेतली, आणि हे दुसरे काम गाऊ देत नाही. जात्याच्या फेऱ्याला लय आहे. कोयत्याच्या घावालाही आहे, पण तेथे श्वास उरत नाही. आजूबाजूला नजर पोहोचेल तिथवर हिरवे रान असते. तो ऊस भावाचा नाही आणि आपलाही नाही. हिरव्याने मन शांत होते असे मानणाऱ्या सौंदर्यविचाराने उसाच्या फडात एकदा तरी उभे राहून पाहावे. बालाघाटच्या बरड माळावरची बाभळ जो आधार देते तो या हिरवाईकडून मिळत नाही, कारण बाभळीशी नाते आहे आणि उसाशी उचल आहे.

संकलनाचा क्रम

ओवी मागे पडली याची कारणे सर्वज्ञात आहेत. गावोगाव गिरण्या आल्या आणि स्त्रियांचे कष्ट कमी झाले. त्याबद्दल खेद करणारे लेखन दळणाचे श्रम न केलेल्यांकडून आलेले असते, हे स्पष्ट म्हणायला हरकत नसावी. प्रश्न उरतो तो शिल्लक ओव्यांच्या नोंदीचा. महाविद्यालयांतून प्रकल्पासाठी विद्यार्थी ओव्या गोळा करतात आणि 'माहेर', 'भाऊ', 'पाऊस', 'सीता', 'विठ्ठल' अशा शीर्षकांखाली लावून टाकतात. वर्गीकरणाची सोय होते, परंतु एका बैठकीत गाणारी स्त्री पावसावरून भावाकडे, भावावरून सीतेकडे आणि सीतेवरून स्वतःकडे कशी आली, ती वाट पुसली जाते. या लेखात ज्याला निसर्गस्मृतीचे कार्य म्हटले ते नेमके या वाटेत आहे. सुट्या ओवीत ते सापडत नाही. ओवी कोणत्या ओवीनंतर आली, गाताना कोण समोर होते आणि कोठे गाणारी थांबली, एवढे टिपले तरी अभ्यासाला निराळे साधन मिळेल.

वृद्ध स्त्रिया सांगतात की नुसते बसून ओव्या आठवत नाहीत. खुंट्याला हात लागला की त्या येतात. बहुतेक घरांत जाते आता लग्नाच्या हळदीपुरते बाहेर निघते. त्याला दोरा बांधतात, पूजा करतात, आणि खुंट्याला हात लावण्याचा मान सुवासिनींचा असतो. ओव्यांचा साठा जिच्यापाशी आहे ती सत्तरी ओलांडलेली स्त्री बहुधा विधवा असते, आणि रिवाजाप्रमाणे त्या दिवशी तिने जात्याला हात लावायचा नसतो.